चार हात कापड, पुरा पोशाख

म्हैसूरहून नंजनगूडकडे आगगाडीने निघाले की वाटेत कडकोळ हे लहानसे स्थानक लागते. श्रीकंठेश्वराच्या दर्शनास जाणारे आपल्याकडील कितीतरी यात्रेकरू हे गाव केवळ खिडकीतून पाहतात. गावाजवळ आता कारखान्यांची वसाहत उभी आहे आणि तेथील तरुण पाटलोण घालून कामावर जातात. तथापि वाचकहो, पुढच्या खेपेस आपण या वाटेने गेलात तर वडीलधाऱ्या मंडळींच्या वेषाकडे जरा निरखून पाहा. कासोटा नाही, निऱ्या नाहीत, नाडी नाही, बटणही नाही. कमरेभोवती गुंडाळलेले एकच पांढरे शुभ्र वस्त्र, आणि तेवढ्यावर देवदर्शन, लग्नकार्य, बाजारहाट सारे काही निर्वेधपणे पार पडते. या वस्त्रास तेथे ‘पंचे’ म्हणतात.

शब्द आपल्या ओळखीचा वाटला ना? आपला ‘पंचा’ तो हाच. परंतु आपल्याकडे त्याचे काम अंग पुसण्यापुरते उरले. लुंगी म्हटली म्हणजे ती आपल्या मते घरच्या विसाव्याची. कोणी पाहुणा दाराशी आला की आपण लगबगीने आत पळतो. कानडी मुलखात तसे नाही. तेथे पंच्याचे दोन प्रकार आहेत. सुमारे आठ हात लांबीचे, कासोटा घालून नेसावयाचे ते ‘कच्चे पंचे’; ते आपल्या धोतराचे सख्खे भावंड. आणि सुमारे चार हातांचे, नुसते गुंडाळावयाचे ते ‘अड्ड पंचे’. आजचा आपला विषय हे दुसरे वस्त्र आहे.

जगभरची भावंडे

या चार हातांच्या वस्त्राचे कुटुंब फार मोठे आहे. केरळात ते मुंडू होते, तमिळनाडूत वेष्टी होते. ब्रह्मदेशात ते लोंजी या नावाने स्त्रीपुरुष दोघेही नेसतात. पुरुष पुढे गाठ मारतात, तर स्त्रिया टोक कमरेच्या बाजूस खोचतात. श्रीलंका, मलाया आणि इंडोनेशिया या देशांत त्याचे नाव सारोंग. मलय भाषेत या शब्दाचा अर्थ म्यान असा आहे, आणि तो किती समर्पक आहे पाहा! सारोंगची दोन्ही टोके बहुधा एकत्र शिवलेली असतात. त्यामुळे ते नळीसारखे होते आणि माणूस म्यानात तलवार शिरावी तसा त्यात शिरतो. इंडोनेशियातील ज्या बाटिक कलेने ही वस्त्रे रंगविली जातात, तिला २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

नेसावे कसे?

प्रथम कापड. सुमारे दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असे सुती कापड घ्यावे. नवे कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून मगच वापरास काढावे, म्हणजे पुढे आटून आखूड होत नाही. घरी नेसावयास रंगीत चौकडीचे बरे. समारंभास पांढरे, बारीक जरीकाठी शोभते.

आता नेसणे. कापड पाठीमागून घेऊन वरचा काठ कमरेच्या किंचित वर, बेंबीच्या रेषेत धरावा. दोन्ही टोके पुढे ताणून दोन्ही बाजू सारख्या कराव्यात. एक टोक पोटावरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत नेऊन घट्ट दाबून धरावे. दुसरे टोक त्यावरून उलट बाजूस न्यावे आणि आत खोचावे. मग वरचा काठ बाहेरच्या बाजूस दोनतीन वेळा गुंडाळावा. ही गुंडाळी म्हणजेच खरी पकड. आपली ‘कनवट’ ती हीच. खालचा काठ घोट्याशी सर्वत्र सारखा हवा आणि वरच्या पदराची कड सरळ, उभी उतरली पाहिजे. कड तिरकी झाली की सारा वेष ढिसाळ दिसतो.

ज्यांना सारोंग शिवून हवे असेल त्यांनी कापडाची दोन्ही आखूड टोके चपट्या शिवणीने जोडावीत. आत शिरून जास्तीचे कापड एका बाजूस ओढावे, ते पोटावर दुमडावे आणि काठ गुंडाळावा. शिवण पाठीमागे ठेवावी. वाऱ्याने हे वस्त्र उघडत नाही. म्हणून वृद्धांस आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांस ते विशेष सोयीचे. गृहिणींनी हेच वस्त्र परकरावर नेसून टोकांची गाठ कमरेच्या बाजूस मारली, तर प्रवासात व उन्हाळ्यात ते हलके आणि सुटसुटीत वाटते. कापड गुळगुळीत असेल तर गाठीवर भरवसा न ठेवता वरून पट्टा बांधावा.

रीत आणि सावधगिरी

चढण चढताना, चिखलातून जाताना किंवा कामास लागताना खालचा काठ उचलून गुडघ्यापर्यंत दुमडून कमरेस खोचण्याची दक्षिणेत सर्वत्र वहिवाट आहे. परंतु वडील माणूस समोर आले की तीच दुमड चटकन सोडून वस्त्र घोट्यापर्यंत खाली येते. एक शब्द न बोलता केलेला हा नमस्कारच होय! आपल्या मुलांना पंचे नेसावयास शिकवाल तर ही रीतही अवश्य शिकवा.

काही ठिकाणी मात्र हे वस्त्र घरीच ठेवावे. फिरत्या यंत्राजवळ त्याचा घोळ अडकून जिवावर बेतू शकते. दुचाकीवर मागे बसताना काठ चाकाकडे लोंबकळता कामा नये. चुलीपाशी किंवा शेगडीपाशी सैल पदर आधी खोचून घ्यावा. कडकोळचा कामगार कारखान्यात पाटलोण आणि घरी पंचे नेसत असेल तर तो आपला वेष टाकून देत नाही. कोणत्या जागी काय शोभते आणि काय सुरक्षित आहे हे तो जाणतो.

दाराशी अडविलेले वस्त्र

येथवर वाचून कोणी म्हणेल, एवढ्याशा कापडाचे इतके कौतुक कशाला? त्याला कारण आहे. जुलै २०२४ मध्ये बेंगळूरच्या एका भव्य विक्रीसंकुलात एक वृद्ध शेतकरी मुलाबरोबर चित्रपट पाहावयास गेला. अंगात पांढरा सदरा आणि कमरेस पंचे. तेवढ्यावरून त्याला दाराशी अडविण्यात आले. या प्रसंगाने कर्नाटकात संताप उसळला आणि ते संकुल सात दिवस बंद ठेवावे असे शासनाने ठरविले. त्याच्या दहा वर्षे आधी, जुलै २०१४ मध्ये, चेन्नईच्या एका क्लबात वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच प्रवेश नाकारला गेला होता. पुढच्याच महिन्यात तमिळनाडूच्या विधानसभेने असे निर्बंध उठविणारा कायदा संमत केला.

शेतकरी असो वा न्यायमूर्ती, दाराशी उभ्या असलेल्याने माणूस पाहिला नाही, केवळ कापड पाहिले. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे गरिबांच्या बरोबरीचा म्हणून आखूड पंचा स्वीकारला आणि १९३१ साली त्याच वेषात ते लंडनच्या राजवाड्यात राजाच्या भेटीस गेले. ते दार त्यांच्यासाठी उघडले होते. मग आपल्याच देशातील दारे आपल्याच शेतकऱ्याला का बंद व्हावीत?

कायदा दार उघडील. परंतु मनातील संकोच घरीच दूर करावा लागतो. मुलाच्या शाळेच्या समारंभास आजोबा पंचे किंवा धोतर नेसून निघाले तर ‘आजोबा, पाटलोण घाला ना’ असे घरातील कोणी म्हणते का, याकडे लक्ष द्या. म्हणत असेल, तर येत्या रविवारी नातवंडांना आजोबांसमोर उभे करा आणि चार हात कापड त्यांच्या हाती द्या. दोन टोके, एक खोच, दोनतीन गुंडाळ्या. पहिल्या प्रयत्नात वस्त्र सुटेल आणि घरात हशा पिकेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेस कनवट घट्ट बसेल. ज्याने स्वतःच्या हाताने पंचे नेसले, तो उद्या कोणत्याही दाराशी उभ्या राहिलेल्या पंचेवाल्याकडे परकेपणाने पाहणार नाही.