रेट लॉ जुळला, म्हणजे मेकॅनिझम सापडला का?

बीएस्सीला काँप्लेक्स रिअ‍ॅक्शनचा मेकॅनिझम शिकवायचा क्रम ठरलेला असतो: फळ्यावर पाच पायऱ्या, स्टेडी स्टेट लावा, रेट लॉ आला, खाली दोन रेघा. नेट-सेटला एवढं पुरतं. रिसर्चमध्ये मात्र प्रवास उलटा असतो. आधी आकडे हातात येतात, पायऱ्या नंतर सुचतात.

हायड्रोजन-ब्रोमीनचंच घ्या. बोडेनस्टाइन आणि लिंड यांनी १९०७ मध्ये प्रयोगातून रेट लॉ काढला: अंशात ब्रोमीनचं वर्गमूळ, छेदात एचबीआर भागिले ब्रोमीन असलेलं पद. त्याचा अर्थ लागायला १९१९-२० उजाडलं. क्रिस्टियनसन, हर्झफेल्ड आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे चेन मेकॅनिझम सुचवला. मधली ही बारा वर्षं आपण वर्गात गाळतो, आणि माझ्या मते तिथेच गाडी अडते. मुलांना आधी नुसता रेट लॉ द्यावा. वर्गमूळ कुठून आलं? ब्रोमीनचा रेणू तुटून दोन अणू होतात म्हणून. प्रॉडक्ट वाढलं की वेग का मंदावतो? हायड्रोजनचा अणू एचबीआर परत फोडतो म्हणून. मग ब्रोमीन जास्त घातलं की हा अडथळा का घटतो? कारण त्याच अणूसाठी दोघांची ओढाताण चालते. एवढं समजलं की स्टेडी स्टेट हे फक्त गणित उरतं. (हायड्रोजनचे अणू जवळपास तयार होतील तितक्याच वेगाने खपतात, एवढंच ते गृहीतक.)

आता हायड्रोजन-आयोडीन. रेट लॉ अगदी साधा, दोन्हींची पहिली ऑर्डर; म्हणून कित्येक वर्षं दोन रेणूंची थेट टक्कर असं शिकवलं गेलं. पण आयोडीन तुटून दोन अणू झाले, समतोल राहिला आणि मग ते दोन्ही अणू हायड्रोजनशी भिडले, तरी रेट लॉ तोच येतो! १९६७ मध्ये सुलिव्हन यांनी प्रकाश टाकून आयोडीनचे अणू मुद्दाम वाढवले. वेग अणूंच्या वर्गाच्या प्रमाणात वाढला. त्या निष्कर्षावरही पुढे वाद झाला.

आपल्या पाषाणच्या एनसीएलमध्ये एल. के. दोराईस्वामी यांनी ज्यावर काम केलं, त्या घन उत्प्रेरकांवरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये तर ही अडचण नेहमीचीच: एकाच डेटावर दोन-तीन मॉडेल्स छान बसतात. अशा वेळी आर-स्क्वेअरचा तिसरा दशांश बघत बसू नका. दोन मॉडेल्स वेगवेगळं उत्तर देतील अशी परिस्थिती शोधा, आणि पुढचा रन तिथे घ्या.