एप्रिलमधली कयाधू

हिंगोली शहराच्या नळाला येणारे पाणी पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणातले. वापरून झाल्यावर ते नाल्यांवाटे उतरते ते मात्र कयाधूत. पूर्णा थेट गोदावरीला मिळते. कयाधू पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा लांबचा वळसा घेऊन तिथेच पोहोचते. म्हणजे शहर एका नदीचे पाणी उचलते आणि दुसरीत सोडते. वाशिम जिल्ह्यातून येणारी कयाधू पावसाळ्यात भरून वाहते, उन्हाळ्यात आटते. मग शहराखालच्या पात्रात जी धार उरते, ती मुख्यतः आपल्याच न्हाणीघरांची आणि शौचालयांची असते.

ती केवढी? 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 85,103 होती. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्याचे 80 टक्के सांडपाणी, असा नियोजनाचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने रोज सुमारे 92 लाख लिटर होतात. नळाला पाणी कमी आले तर आकडा उतरेल. वस्ती मात्र तेव्हापासून वाढलीच आहे.

पाण्यातली घाण खाताना जिवाणू जितका प्राणवायू संपवतात, त्यावरून प्रदूषण मोजतात. त्याला बीओडी म्हणतात. ब्रिटनच्या राजआयोगाने 1912 मध्ये नदीत सोडायच्या पाण्यासाठी लिटरला 20 मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा सुचवली, ती नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी असेल हे गृहीत धरून. आपल्याकडे 2017 च्या अधिसूचनेने महानगरांबाहेरच्या बहुतेक शहरांना 30 ची मुभा दिली. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती 10 वर आणायला सांगितले. आंघोळीयोग्य पाण्याची मर्यादा मात्र 3 आहे. दहाचे तीन व्हायला नदीत दुप्पट-तिप्पट निर्मळ पाणी हवे. एप्रिलमध्ये कयाधूकडे ते नसते. म्हणून नियम तंतोतंत पाळणारे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रही इथे नदी वाचवू शकणार नाही.

याची झळ खालच्या गावांना लागते. नदीकाठच्या विहिरी पात्रातल्या पाझरावर जगतात. पात्रात मोटार टाकणाऱ्या शेतकऱ्यालाही दुसरे पाणी नसते.

उपाय निवडतानाही एप्रिलचाच विचार हवा. 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली, हवा सोडून जिवाणू पोसण्याची पद्धत आजही सर्वत्र वापरतात. तिला अखंड वीज लागते, आणि केंद्र बांधले म्हणजे ते चालतेच असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते, शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता 31,841 ची होती आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते 20,236. बांधलेल्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक क्षमता वापराविना पडून होती. लहान नगर परिषदेला पेलतील असे मार्गही आहेत: ऊन आणि शेवाळावर चालणारी तळी, किंवा नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत, जिच्यात खडीच्या थरात कर्दळ, पाणकणीस वाढवतात. जागा जास्त लागते, विजेचे बिल थोडे येते.

शुद्ध केलेले पाणी कोरड्या पात्रात सोडण्याआधी शेतीला द्यावे. नागपूर महापालिकेचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. हिंगोलीत असे पाणी घ्यायला हळदीची शेती आहे. हळद काढल्यावर शिजवली जाते, त्यामुळे खाणाऱ्याला जंतूंचा धोका कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीपेक्षा कमी. शेतात राबणाऱ्या बायामाणसांना मात्र तो राहतो, म्हणून निर्जंतुकीकरण टाळता येणार नाही. दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरले, तर 92 लाख लिटरांत 180 हेक्टरांहून जास्त क्षेत्र भिजते.

केंद्र बांधायला सरकारी निधी मिळतो; चालवायला नगर परिषदेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळी तरतूद लागते. तिच्यासोबत आणखी एक नियम करावा: शहराखालच्या पात्रातले पाणी दर एप्रिलमध्ये तपासायचे आणि अहवाल खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायचा. केंद्र चालते की नाही, हे सांगण्याचा पहिला हक्क त्या गावांचा आहे.