वही बांधावर

आमच्या पवनानगरात लावणी सुरू झाली की गणिताची वही बांधावर येते. काल लेकीनं इंद्रायणीची रोपं लावताना मोजलं: एका चुडात काड्या किती, ओळीत चूड किती, मग अख्ख्या खाचरात? गुणाकार चिखलातच झाला, बोटांवर. हा भात आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालाय, हे कळल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होता! संध्याकाळी धरणाकाठी त्रिकोण शिकलो. समोर तिकोना किल्लाच उभा.

लेक शाळेत न जाता घरीच शिकते, म्हणून ‘दहावीचं काय?’ असं सगळे विचारतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा वयाच्या १४ व्या वर्षापासून देता येते. विषय ५, माध्यम मराठीही.

रात्री मात्र चिंचोके आणि सारीपाट. आजी सलग तीन डाव जिंकली.