‘माह्या पायात सोडा भरला’ : लेकरू असं म्हणते तेव्हा

काही लेकरं पाच-सहा वर्षांची झाली तरी शर्टाच्या बटणांशी झटापट करतात, सपाट रस्त्यावर ठेचकाळतात, आणि मधूनच काहीतरी अजब सांगतात. ‘माये, माह्या पायात सोडा भरला.’ ‘हे शर्ट चावते.’ घरचं उत्तर ठरलेलं: ‘काही नाही झालं, नाटकं करून राह्यला!’ नाहीतर मग मीठ-मोहरीने नजर काढायची.

पण हे नाटक नसू शकतं. अशा काही लेकरांना डिस्प्रॅक्सिया असतो. डॉक्टर त्याला डीसीडी म्हणतात. शाळकरी वयाच्या शंभर मुलांमागे साधारण ५ ते ६ जणांना तो असतो. बुद्धी कमी नसते, हातापायात जोरही असतो. अडचण येते ती हालचाल ठरवून जुळवून आणण्यात. अमरावतीसारख्या गावात, जिथे १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथे धडपडणाऱ्या पोराला ‘ढिला’ म्हणून चिडवणं किती सोपं आहे, सांगायला नको.

आता तो ‘सोडा’ कुठून येतो? डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण स्नायू आणि सांधे मेंदूला सारखे निरोप पाठवत असतात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला नाव दिलं: प्रोप्रिओसेप्शन. डिस्प्रॅक्सियाच्या बऱ्याच मुलांमध्ये हे निरोप नीट उलगडत नाहीत. स्पर्शाचंही तसंच. कॉलरमागचं लेबल एखाद्याला खरंच टोचतं. त्यात अकोल्याचा मे महिना, पारा ४४ च्या पुढे, घामाने चिकटलेले कपडे! आणि पाच वर्षांच्या लेकराकडे ‘मुंग्या आल्या’ हा शब्दच नसतो. म्हणून ते ‘सोडा’ म्हणते.

पण इथेच एक धोका आहे. एकदा डिस्प्रॅक्सियाचं नाव कळलं की घरचे प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकतात. हे करू नका. डिस्प्रॅक्सिया आपोआप वाढत जात नाही. म्हणून पुढचं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टर गाठा:

– काल येत असलेली गोष्ट आज जमेनाशी झाली.
– मुंग्या किंवा झटके दर वेळी शरीराच्या एकाच बाजूला येतात.
– तेवढ्या वेळात लेकरू हाकेला ओ देत नाही. ही फिट असू शकते.
– सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखतं, उलटी होते.
– एकच सांधा सुजतो, किंवा लेकरू लंगडते.

बाकी वेळी काय करायचं? ‘दुखते का?’ एवढंच विचारू नका, लेकरं सहज ‘हो’ म्हणून मोकळी होतात. पर्याय द्या: जड वाटते, गरम, की गुदगुल्या? कागदावर माणसाचं चित्र काढा आणि कुठे होते तिथे रंग भरायला सांगा. दोन आठवडे मोबाइलमध्ये नोंद ठेवा: केव्हा, कुठे, किती वेळ, त्याआधी काय चाललं होतं. तेवढ्यात व्हिडिओ निघाला तर उत्तमच. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. अकोल्यात सर्वोपचार, अमरावतीत इर्विन आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये तपासणी करतात, त्यांनाही सांगा. पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो. आणि शाळेने हात वर केले तर लक्षात ठेवा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे.

घरात असा भाचा, पुतणी असेल तर हा भाग त्याच्या आईबाबांना नक्की पाठवा. आणि लेकरू उद्या ‘सोडा भरला’ म्हणालं, तर हसण्याआधी एवढंच विचारा: ‘कुठी रे, दाखव बरं?’