कोळशाचे तेल साठवणीत घट्ट का होते?

दगडी कोळशापासून केलेले कच्चे तेल टाकीत नुसते पडून राहिले तरी बदलते: काळवंडते, गाळ धरते आणि घट्ट होत जाते. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या पश्चिमेला बल्लारपूर, घुग्घूस, माजरी या पट्ट्यात निघणारा वर्धा खोऱ्यातला कोळसा मुख्यतः वीजकेंद्रांत जळतो. पण कोळशाचे तेलही करता येते. उच्च दाबाखाली हायड्रोजन देऊन कोळशाचे मोठे रेणू तोडण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रीडरिश बेर्गियुस यांनी १९१३ मध्ये घेतले.

खनिज तेलापेक्षा या तेलात ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले रेणू बरेच जास्त असतात. सारे दुखणे इथेच आहे. ऑक्सिजन असलेल्या फिनॉलचा हायड्रोजन क्विनोलिनसारख्या आम्लारीतील नायट्रोजनकडे ओढला जातो आणि दोघांत हायड्रोजन बंध जुळतो. एकटा बंध कमकुवत, तापवल्यावर सुटणारा. अस्फाल्टीनसारख्या थोराड रेणूंवर मात्र असे अनेक गट असतात. ते एकमेकांत अडकतात आणि तेलाचा प्रवाह मंदावतो.

हवा लागली की प्रकरण गंभीर होते. ऑक्सिजनमुळे फिनॉल व नायट्रोजन असलेले पायरोल यांचे मुक्त मूलक बनतात आणि ते सहसंयुज बंधांनी कायमचे जोडले जातात. हे बंध साध्या उष्णतेने सुटत नाहीत. उलट उष्णतेने ही जोडणी वेग घेते. गडचिरोलीच्या उन्हाळ्यात अशी टाकी उघड्यावर ठेवणे चुकीचेच ठरेल.

त्यामुळे साठवणीपूर्वी पुन्हा हायड्रोजन प्रक्रिया करून ऑक्सिजन-नायट्रोजनचे हे गट काढतात, किंवा तेलावर नायट्रोजन वायूचे आवरण ठेवतात. फिशर-ट्रॉप्श पद्धतीत कोळशाचा आधी वायू करतात; त्यातून मिळणाऱ्या डिझेलमध्ये बहुतांश पॅराफिन असल्याने हा त्रास फारच कमी होतो.