दिवाळीच्या धांदलींत तीन मिनिटांचें गाणें

दिवाळी आठ दिवसांवर आली, कीं घरांत कोणास उसंत म्हणून राहत नाहीं. चकलीची भाजणी, अनारशांचें पीठ, माळ्यावरचीं भांडीं, यांतच दिवस मावळतो. अशा वेळीं गाणें ऐकावयाचें केव्हां? ज्यांना जुन्या ध्वनिमुद्रिकांचा ठेवा अलीकडे नव्यानें गवसला आहे, त्यांना याचें उत्तर सांपडलें आहे.

ही जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें. गाणें संपतांच त्या आपलें नांव इंग्रजींत उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत व गाणारें कोण, हें तेथील कारागिरांस त्यावरून कळे. मैफिलींत तासभर रंगणारा राग एवढ्याशा जागेंत बसवावयाचा, म्हणजे विस्तार सोडून त्याचें मर्म तेवढें ठेवणें भाग होतें. थोर गायकांनीं या अडचणीचेंच सोनें केलें.

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची झिंझोटींतील ठुमरी ऐकावी. वेळ थोडा आहे, याची जाणीव त्या संथ, आर्त स्वरांत कोठेंही होत नाहीं. गोव्याच्या केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी तर साडेतीन मिनिटांची. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशांत धाडलेल्या तबकडींत भारतीय संगीताचा तेवढाच एक नमुना आहे. त्याच वर्षीं बाई निवर्तल्या. त्यांचे गुरु अल्लादिया खाँ यांच्या गाण्याची तबकडी आज उपलब्ध नाहीं; त्यांच्या गायकीची ओळख शिष्यांच्या अशा मुद्रिकांतूनच करून घ्यावी लागते.

या तबकड्यांच्या प्रती आतां आंतरजालावर घरबसल्या ऐकतां येतात. मात्र पदार्थ तळतांना मागें वाजत ठेवण्याचें हें गाणें नव्हे. येथें एक सूर निसटला, तर त्याची भरपाई पुढें होत नाहीं. सणाच्या दिवसांत सर्वांआधीं उठणाऱ्या गृहिणीच्याच कानीं गाणें सर्वांत कमी पडतें. चकलीचा एक घाणा उतरला, कीं झारा दुसऱ्या कोणीं हातीं घ्यावा आणि तिनें स्वस्थ बसून एक तबकडी ऐकावी. तीन मिनिटांनीं फराळ अडत नाहीं.