वसायुक्त यकृत व आंत्रजंतू
यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक कोशिकांत वसा (चरबी) साचल्यास त्यास वसायुक्त यकृत म्हणतात. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकी सु. ७५% रक्त प्रवेशिका नीलेवाटे प्रामुख्याने आतड्यांकडून येते. आतड्याचे अस्तर दुर्बळ झाल्यास जंतूंची अंतर्विषे याच मार्गाने यकृतात शिरून शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण करतात. काही जंतू आतड्यात अल्कोहॉलही तयार करतात. क्लेब्सिएल्ला न्यूमोनी या जंतूचे असे प्रकार काही रुग्णांत आढळल्याचे चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. बारीक दिसणाऱ्या भारतीयांतही वसा अधिक असू शकते, हे पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले आहे. त्यामुळे निर्व्यसनी, सडपातळ व्यक्तीसही हा विकार जडू शकतो. जंतुयुक्त औषधांची उपयुक्तता अद्याप निर्विवाद सिद्ध झालेली नाही. मिताहार, व्यायाम व आवश्यक तेथे वजन घटविणे हेच मुख्य उपाय होत.